दत्तोपंत आणि भरलेली पेटी

दत्तोपंत इनामदारांइतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिला नाही. चेष्टेनं म्हणत नाही. बेंगळूरला बसवनगुडीत आम्ही बरीच वर्षं शेजारी राहिलो. दोन घरांच्या मधे कमरेइतकी भिंत होती आणि त्या भिंतीवरून त्यांची भीती मला रोज दिसायची.

सकाळी कोपऱ्यावर कारखान्याची बस यायची. आमचे हे आणि दत्तोपंत एकाच सरकारी कारखान्यात, एकाच बसनं जाणारे. दत्तोपंत डबा घेऊन निघायचे, फाटकापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. स्टोव्ह बंद आहे का बघायला. बायको घरातच असायची, स्टोव्हवर तिची दुसरी कॉफी चढलेली असायची, तरी ते बघून यायचे. मग मागच्या दाराची कडी. ड्रायव्हरला हे पाठ झालं होतं. तो एक हॉर्न सगळ्यांसाठी वाजवायचा आणि दुसरा दत्तोपंतांसाठी.

आमच्या रस्त्याला दोन्हीकडून घरांतली नारळाची झाडं वाकलेली. डोक्यात नारळ पडेल म्हणून ते कडेनं चालायचे नाहीत, मधून चालायचे. आणि मागून जटका, म्हणजे टांगा, येईल म्हणून दर थोड्या वेळानं वळून बघायचे. राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी आसपासचे दवाखाने हिंडून घेतले होते. कुठला डॉक्टर रविवारी घरी असतो, कुणाकडे मोटार आहे, कुणाला हाक मारली तर लवकर उठतो, सगळं त्यांना तोंडपाठ. माझ्या मुलीला गोवर आला तेव्हा ते भिंतीपाशी येऊन ताप किती विचारायचे, आणि मी सांगितलेला आकडा ऐकून माझ्याआधी त्यांचाच चेहरा उतरायचा. मग शहाळं घेऊन यायचे.

"होणार नाही हो वहिनी," ते म्हणायचे, "पण झालं तर?"

हे त्यांचं पालुपद होतं. कारखान्यात ते तपासणी खात्यात होते आणि तिथं मात्र या स्वभावाला मान होता. आमचे हे म्हणायचे, दत्तोपंतांनी पास केलेला भाग डोळे मिटून यंत्रात बसवावा. फक्त तो आपल्या हयातीत पास व्हायला हवा.

अशा माणसाच्या बायकोनं मधमाश्या पाळल्या होत्या.

कमलाक्का मूळची बेंगळूरचीच. शहाजीराजांच्या मागोमाग आलेलं घराणं, असं तिच्या माहेरी सांगत. तिची मराठी ऐकून मिरजेहून नव्यानं आलेली मी आधी तोंडाला पदर लावायची. "स्वल्प थांब", "सरी, मग येतो मी". स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं. दोन वर्षांत माझ्याही तोंडी तेच आलं, आणि माहेरी गेल्यावर आई मला हसायला लागली. तिचे वडील जंगलखात्यात, मडिकेरीला होते. तिथं कॉफीच्या मळ्यांतून घरोघर मधाच्या पेट्या असत. ती पोरवयात तिथंच शिकली. लग्नानंतर वर्षाभरात वडलांनी एक भरलेली पेटी पाठवली. दत्तोपंतांनी त्या दिवशी जेवण टाकलं म्हणे, पण सासऱ्यांना ती परत पाठवायचं धैर्य काही झालं नाही. तेही एक भयच.

मागच्या अंगणात बटर फ्रूटच्या, म्हणजे अ‍ॅव्होकाडोच्या, झाडाखाली ती पेटी असायची. चार पायांखाली पाण्याच्या चार वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. दत्तोपंतांनी अंगणात चुन्याची एक रेघ ओढली होती. तिच्या पलीकडे ते कधी जायचे नाहीत. कमलाक्का पदर खोचून, नारळाच्या काथ्याचा थोडा धूर करून उघड्या हातांनी चौकटी उचलायची, आणि दत्तोपंत रेघेच्या अलीकडे छत्री उघडून उभे. छत्री कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

माघ सरत आला, होंगेची झाडं फुलायच्या बेताला आली, की कमलाक्काची धांदल सुरू व्हायची. होंगे म्हणजे आपला करंज. बेंगळूरचे अर्धे रस्ते त्याचेच. त्या दिवसांत पेटी माश्यांनी अशी भरायची की दारातून दाढीसारख्या बाहेर लोंबायच्या. मला वाटायचं, वा, मध पुष्कळ येणार. ती म्हणायची, पेटी भरली की भ्यायचं. घर भरलं, खायला मुबलक झालं, की माश्या नवी राणी करायला घेतात. आणि नवी जन्मायच्या आधीच जुनी राणी निम्म्याहून जास्त माश्या घेऊन घर सोडून जाते. सगळं भरलं घर लेकीला देऊन. "आपल्यात उलटं," ती म्हणायची, "सासू हलत नाही."

त्यांनी जाऊ नये म्हणून ती दर आठवड्याला पेटी उघडायची. वर मधासाठी आणखी एक कोठी चढवायची, खाली अंडी घालायला राणीला रिकाम्या चौकटी द्यायची, आणि पोळ्याच्या खालच्या कडेला नव्या राणीची घरं लोंबताहेत का ते बघायची. भुईमुगाच्या शेंगेएवढं घर. दिसलं की चिमटीनं काढून टाकायचं. एक जरी राहिलं आणि त्याचं तोंड मेणानं बंद झालं, तर दुसऱ्या दिवशी थवा सुटलाच म्हणून समजा.

एकदा सुटला होता. त्या साली तिला नणंदेच्या बाळंतपणाला जावं लागलं आणि पेटी बघायची राहून गेली. थवा उठला तो समोरच्या निवृत्त मास्तरांच्या पोटमाळ्यावर शिरला. थव्यातल्या माश्या सहसा कुणाला काही करत नाहीत, पण मास्तरांच्या गड्यानं पलिता पेटवून आत घातला. मग मात्र त्यांनी गल्ली धुऊन काढली. एका जटक्याचा घोडा उधळून कोपऱ्यावरच्या खांबावर गेला. दुसऱ्या दिवशी दत्तोपंत हातात मधाच्या बाटल्यांची पिशवी घेऊन दारोदार माफी मागत हिंडले. एकेकाची सूज जवळून बघायचे आणि जास्तच घाबरायचे. त्या दिवसापासून फाल्गुन लागला की त्यांचं वजन उतरायचं.

आणि मग तो रविवार आला.

मी भिंतीपाशी कपडे वाळत घालत होते. कमलाक्कानं पेटी उघडलेली, दत्तोपंत रेघेशी. एक माशी तिला मनगटावर चावली. आजवर शंभरदा चावली असेल. तिनं नखानं काटा खरवडला आणि हातातली चौकट जागेवर ठेवली. मग हात खाजवत मागे सरली. म्हणाली, "डोळ्यांपुढं कसंतरी होतंय." बघता बघता तिच्या गळ्यावर, तोंडावर गांधी उठल्या. ओठ सुजले. काही बोलायला गेली तर आवाज घोगरा, चिरका. ती तिथंच, पेटीजवळ खाली बसली आणि आडवी झाली.

दत्तोपंत ओरडले नाहीत. मला वाटलं होतं ते हातपाय गाळतील. त्यांनी छत्री टाकली, रेघ ओलांडली, तिला उचलून ओसरीवर आणून ठेवलं, मला म्हणाले, "डोकं वर धरा," आणि अनवाणी पळत सुटले. कुठल्या डॉक्टरकडे जायचं हा विचार त्यांना करावा लागला नाही. रविवारी घरी असणारा आणि मोटार असणारा एकच होता. मोटार फाटकाशी थांबली तेव्हा तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, थोड्या वेळानं दुसरं दिलं. हळूहळू तिच्या ओठांचा निळेपणा गेला.

डॉक्टर जाताना दारात सांगून गेले. काही माणसांचं असं होतं; वर्षानुवर्षं विष अंगात जातं आणि एक दिवस अंग ते नाकारतं. यापुढं एकही माशी चावता कामा नये. "पुढच्या वेळी मी वेळेवर पोचेनच, असं धरून चालू नका."

मी कॉफी करून दिली. दत्तोपंतांनी ती तशीच बाजूला ठेवली. पलंगाजवळ बसून ते तिचे श्वास मोजत राहिले.

संध्याकाळी माश्या पेटीत परतल्यावर ते घासलेटची बाटली घेऊन निघाले. कमलाक्का पलंगावर पडून होती. तिनं अडवलं नाही. एवढंच म्हणाली, "मग तुमच्या हातानं करा. दुसऱ्या कुणाला सांगू नका." ते बाटली घेऊन चुन्याच्या रेघेपर्यंत गेले. अंधारून येईपर्यंत तिथं उभे राहिले. मग परत आले आणि बाटली कोनाड्यात ठेवून दिली.

पेटी देऊन टाकणं सोपं होतं, असं कुणालाही वाटेल. शहराबाहेर येलहंक्याला कमलाक्काच्या भावाची, अण्णांची, द्राक्षांची बाग होती आणि अण्णा पेटी ठेवून घ्यायला तयार होते. पण ती हलवायची कशी? आत नवी, लोण्यासारखी मऊ पोळी मधानं जड झालेली. तशीच गाडीवर घातली तर उन्हानं आणि हिसक्यांनी पोळी मोडून पडणार आणि सगळ्या माश्या आपल्याच मधात बुडून मरणार. आधी ती हलकी करायला हवी, म्हणजे उघडायला हवी. आणि उशीर करून चालणार नव्हतं, कारण त्या रविवारी चावा बसायच्या आधी कमलाक्काला चौकटीच्या कडेला राणीची घरं सुरू झालेली दिसली होती. ती काढायची राहिली होती.

"सुटल्या तर जातील कुठं?" दत्तोपंतांनी तिला विचारलं.

तिनं वर कौलांकडे पाहिलं. जुनं घर, कौलांत फटी, खाली अंधारा पोटमाळा. माश्यांना याहून चांगली जागा गल्लीत दुसरी नव्हती. आयुष्यभर दत्तोपंतांनी नाही नाही त्या 'तर'ची धास्ती घेतली होती. हा 'तर' खरा होता.

लालबागेच्या सरकारी बगिच्यात पेट्यांची माहिती असणारा एक माणूस होता, तो मुलीच्या लग्नासाठी गावी गेलेला. कमलाक्कालाच काही दिवस येलहंक्याला पाठवू, असं मी सुचवलं. ती म्हणाली, "मी गेले तर यांना सांगणार कोण?" तोपर्यंत पेटी कोण उघडणार हे कुणी बोललं नव्हतं. ते असं ठरून गेलं.

पेटी उघडायच्या आदल्या दिवशी दत्तोपंतांनी घर बंद करायला घेतलं. झरोक्यांत चिंध्या कोंबल्या, दारांच्या फटींत ओले पंचे, स्वयंपाकघराच्या खिडकीची काच जिथं हलत होती तिथं लांबी भरली. त्या खिडकीतून पेटी समोर दिसायची. आत स्टुलावर कमलाक्का, आणि तिच्याजवळ कुणीतरी असावं म्हणून मी.

ते अंगणात आले ते रेनकोट घालून, डोक्यावरून मच्छरदाणी घेऊन, हातांत कारखान्याच्या भट्टीखात्याचे जाड हातमोजे. पहिली चौकट त्यांना धरताच येईना. दोनदा निसटली, पेटीवर आपटली आणि आतला आवाज वाढला. कमलाक्का काचेआडून म्हणत होती, "हिसका नको, हिसका बेड." बेड म्हणजे कन्नडमध्ये नकोच. काचेतून आवाज अर्धाच जायचा, उरलेलं हातवाऱ्यांनी. शेवटी तिनं आपले दोन्ही हात वर करून, बोटं पसरून दाखवली. हातमोजे काढा. त्यांनी मान हलवली, नाही. तिनं परत तसेच हात दाखवले. ते किती वेळ तसेच उभे होते. मग एक काढला, मग दुसरा.

त्यांना माश्या चावल्या. पहिल्या चाव्याला ते पेटी तशीच टाकून बाजूला झाले आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. आधी मला कळेना काय करताहेत. कमलाक्काच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. आपलंही अंग तसंच उठतंय का, श्वास लागतोय का, याची ते वाट बघत होते. काही झालं नाही. परत पुढं आले. दुसरा चावा बसला, परत घड्याळ. कितीतरी दिवस प्रत्येक चाव्याला हे चाललं.

एकेक चौकट ते काचेपुढं आणून धरायचे. ती बोटानं दाखवायची, इथं, खाली, कडेला. ते चिमटीनं शेंग मोडून टाकायचे. आणि मग तपासणी खात्यातला माणूस जागा झाला. माश्यांच्या गर्दीत, दोन पोळ्यांच्या बेचक्यात दडलेलं, तिलाही न दिसलेलं एक घर त्यांनी स्वतःहून शोधून काढलं आणि काचेपुढं धरलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हे मला दिसलं नसतं बघ."

पण खरं भय पेटीपाशी नव्हतं, परत येताना होतं. अंगावरच्या कपड्यांत एखादी माशी घेऊन ते घरात गेले तर? मागं न्हाणीघर होतं, तिथं ते सगळे कपडे उतरवायचे, एकेक झटकायचे, आतले धुतलेले घालायचे, आणि तरी बाहेर येऊन भिंतीपाशी उभे राहायचे. "वहिनी, जरा पाठीमागून बघता?" परपुरुषाची कॉलर, बगल, धोतराच्या निऱ्या मी उन्हात उभी राहून निरखायची. आधी मला संकोच वाटे, हसूही येई. एके दिवशी बाहीच्या दुमडीत मला एक सापडली. जिवंत, गपचूप बसलेली.  त्यानंतर मी कधी हसले नाही आणि ते घरात जायच्या आधी दोनदा दाखवायला लागले.

राणीची घरं काढत गेलं तरी माश्या नवी करतच होत्या. पेटी एवढी भरली होती की आता नुसतं काढून भागणार नाही, वाटणीच करावी लागेल, असं कमलाक्कानं ठरवलं. जुनी राणी आणि निम्म्या चौकटी नव्या छोट्या पेटीत घालून येलहंक्याला पाठवायच्या. इतक्या लांबून माश्या परत येत नाहीत. उरलेल्या जुन्या पेटीत नव्या राणीचं एकच घर ठेवायचं, बाकी मोडायची. एकच. दोन राहिली तर पहिली जन्मलेली राणी थवा घेऊन निघायची. हे तिनं बोट वर करून काचेतून पुन्हा पुन्हा सांगितलं. तुकडी लहान झाली की त्या शांत होतील, आणि होंगे झडल्यावर ही पेटीही हलवता येईल.

छोटी पेटी संध्याकाळी दाराला जाळी लावून बंद केली आणि सकाळच्या गाडीनं दत्तोपंत ती मांडीवर घेऊन येलहंक्याला गेले. ते खोटं कधी बोलत नसत. शेजारच्या उतारूनं कन्नडमध्ये विचारलं, यात काय गुणगुणतंय. यांनी सांगितलं, "जेनुहुळ." मधमाश्या. पुढच्या स्टेशनात सगळा डबा रिकामा झाला. गार्ड आला, त्यानं यांना सामानाच्या डब्यात बसवलं आणि स्वतः दाराशी उभा राहिला. येलहंक्याला उतरताना गार्डनं त्यांना धीट माणूस म्हटलं. घरी येऊन हे सांगताना ते इतके गोंधळलेले होते की तो शब्द आपल्याविषयी होता यावर त्यांचा विश्वास बसलेला दिसेना.

त्यानंतरचे दिवस जरा सैल गेले. मग एका दुपारी मी आमच्या गच्चीवर सांडगे घालत होते. खालून आवाज आला, पाण्याचा लोंढा सुटावा तसा. बघते तर जुन्या पेटीच्या दारातून माश्या ओतल्यासारख्या बाहेर पडताहेत. अंगणभर काळं वादळ. ते घरावरून फिरलं आणि पुढच्या दारावर जाईचा मांडव होता, त्यावर बसायला लागलं. बघता बघता तिथं एक काळाभोर घड लोंबायला लागला, श्वास घेतल्यासारखा हलणारा. घराला दोन दारं. एकावर हा घड आणि दुसरं उघडतं पेटीच्या अंगणात. कमलाक्का आत एकटी.

मी स्वयंपाकघराच्या काचेशी धावले. ती उभी होती. तिनंही आवाज ऐकला होता. मला म्हणाली, "कौलं बघ." वर पाहिलं. पाच-दहा माश्या कौलांच्या फटीत जात होत्या, येत होत्या. जागा बघायला आलेल्या. ती देवघरात गेली आणि दार लावून घेतलं. त्या खोलीला खिडकी नव्हती.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून मी कारखान्यात फोन केला. आमचे हे सांगतात, निरोप ऐकल्यावर दत्तोपंतांनी हातातलं मोजमापाचं यंत्र डबीत घातलं, डबी बंद केली आणि मग धावले. साहेबांनी आपली मोटार दिली. ते उतरले तेव्हा चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. रेनकोट, जाळी, सगळं मागं न्हाणीघरात. तिकडे गेले नाहीत. घड बघितला, कौलं बघितली आणि मला म्हणाले, "वहिनी, टोपली द्या. मोठी."

माझी तांदळाची वेताची टोपली मी रिकामी करून दिली. दोरीवरचा ओला पंचा त्यांनी खांद्यावर टाकला, ओसरीवरच्या बाकावर चढले आणि टोपली घडाखाली धरली. उघडं डोकं, उघडे हात. दुसऱ्या हातानं त्यांनी मांडवाची काठी धरून एकदाच हलवली. घड ओल्या कणकेच्या गोळ्यासारखा टोपलीत पडला. त्याच्या वजनानं टोपली खाली गेली, ते बाकावर झुकले, सावरले. त्यांच्या मनगटांवर, मानेवर, चष्म्यावर माश्या चालत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं रामरक्षा म्हणताहेत. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. ते माश्यांना म्हणत होते, "स्वल्प, स्वल्प." कमलाक्का म्हणायची तसं.

टोपलीवर पंचा घालून त्यांनी ती भिंतीच्या पार कोपऱ्यात सावलीला पालथी ठेवली, एका बाजूला बोटभर फट ठेवून. राणी आत होती. उरलेल्या माश्या हळूहळू तिकडे गेल्या, कौलांवरच्याही. दिवस मावळायच्या आत त्यांनी सगळ्यांना एका रिकाम्या पेटीत घातलं. मग काचेशी आले. कमलाक्का देवघरातून बाहेर येऊन पलीकडे उभी राहिली होती.

"एकच ठेवा म्हणाली होतीस," ते म्हणाले. "मी राणीची दोन घरं ठेवली होती. एक खराब निघालं तर म्हणून."

"दिसलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"पहिली राणी दुसरीला मारून टाकते बहुतेक. म्हटलं, राहू दे. एकच ठेवलं असतं तर तुम्हाला झोप आली नसती."

 दत्तोपंतांच्या चष्म्याच्या काचेवर अजून एक माशी चालत होती. ती त्यांनी बोटावर घेतली आणि हात लांब करून उडवून दिली. मग माझ्याकडे आले आणि पाठ करून उभे राहिले.

होंगेची फुलं झडून रस्ते पांढरे-जांभळे झाले तेव्हा राहिलेल्या दोन्ही पेट्या येलहंक्याला गेल्या. मागचं अंगण मोकळं झालं. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण पुढच्या रविवारी दत्तोपंत पिशवी घेऊन स्टेशनकडे निघाले. अण्णांना पेट्यांतलं काही कळत नव्हतं. कुणीतरी बघायला हवं. पुढं पेट्या वाढत गेल्या, आणि माघ-फाल्गुनात तर त्यांचा एकही रविवार चुकत नसे. भीती गेली का, असं आमच्या ह्यांनी एकदा विचारलं. ते म्हणाले, छे, पेटीचं झाकण उचलताना ती येतेच. फक्त आता ती कुठं भेटणार हे ठाऊक असतं, एवढंच. सकाळी फाटकापासून परत फिरणं चालूच होतं.

कमलाक्काही कधीकधी बरोबर जायची. अण्णांचं घर गावात, बाग गावाबाहेर. ती घरी थांबायची, ते बागेत जायचे, आणि परत येऊन अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत.

सन साठ-पासष्टच्या सुमाराला ह्यांची हैदराबादला बदली झाली. आम्ही निघालो तो रविवार होता. ते दोघं येलहंक्याला गेलेले, म्हणून आदल्या दिवशीच निरोप घेऊन झाला होता. गाडी येलहंक्याला जरा थांबायची, पण मी कुणाला काही बोलले नव्हते. खिडकीतून बघते तर दत्तोपंत फलाटावरून डबे शोधत येताहेत. बागेतून थेट आलेले, अंगात मळके कपडे, एक डोळा माशी चावून पार मिटलेला. हातात केळीच्या पानात बांधलेला पोळ्याचा तुकडा. त्यातून मध मनगटावर ओघळत होता. त्यांनी तो खिडकीतून माझ्या मुलीच्या हातात दिला आणि सांगितलं, चावून मेण थुंकायचं, गिळायचं नाही.

"कमलाक्का नाही आली?" मी विचारलं.

त्यांनी मान वळवून दाखवलं. फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला, शेवटच्या बाकावर ती बसली होती. दत्तोपंतांनी कपडे बदलले नव्हते, म्हणून इतक्या लांब. तिनं मला हात केला. मी केला.

गाडी हलली. दत्तोपंत मागं पडले. मग बराच वेळ नुसता मोकळा फलाट सरकत राहिला, ऊन पडलेला, आणि मग खिडकीसमोर ती आली. ती उभी राहिली होती आणि हात आम्हाला हलवत होती, पण बघत होती मागे, लांब, त्यांच्याकडे.